टाकवत नाही म्हणून ठेवलेल्या वस्तू : तुम्ही त्यांना काय काम दिलंत?

सुईदोरा | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, गेल्या महिन्यात साताऱ्याचं जुनं घर आवरलं आणि आईंना (सासूबाई, वय ८४) पुण्याला आमच्याकडे आणलं. सोबत तीन ट्रंका आल्या. एकीत नऊवारी लुगडी आणि मामंजींची धोतरं. दुसरीत काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे, झाकणं. तिसरीत सुतळीचे गुंडे, घड्या घातलेल्या पिशव्या, मोडक्या छत्र्या, फुटक्या माठाची खापरं आणि आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा. आमचा फ्लॅट दोन खोल्या आणि हॉलचा. एवढं ठेवायचं कुठे, हा प्रश्न होताच. पण आई एवढंच म्हणाल्या, "टाकायचं तर टाका, पण एकदा हातात घेऊन बघा." हातात घेतलं आणि टाकवेना.

सुरुवात लुगड्यांपासून केली. आईंनी गोधडी कशी घालायची ते बसल्या जागेवरून सांगितलं, मी करत गेले. त्यांना आता दिसत नाही फारसं, पण हिशोब तोंडपाठ. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याच्या चार घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट होते आणि रुंदीला लुगड्याचा पन्हा, म्हणजे साधारण पावणेचार फूट. एका माणसाची गोधडी एका लुगड्यात बसते. मधे धोतराचा एक थर घातला की पाच थर झाले. आई म्हणाल्या, याहून जाड करू नकोस. त्यांच्या वेळी सात-आठ थरांची गोधडी ओढ्यावर दोघी मिळून धुवायच्या आणि दगडांवर वाळवायच्या. आमच्या बाल्कनीत ओली गोधडी दोरीवर टाकली तर दोरीच तुटायची.

दोन गोष्टी मला कधीच सुचल्या नसत्या. एक, सगळं कापड आधी गरम पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढायची, आणि जुन्यात नवं कापड मिसळायचं नाही. नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. दुसरं, टाके मधून सुरू करायचे नाहीत. जमिनीवर थर पसरायचे, चार कोपऱ्यांवर डबे ठेवायचे, आडवे-उभे कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत, गोल फिरत आत मधापर्यंत यायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. पहिली फेरी संपायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

अजून दोन ट्रंका बाकी आहेत, म्हणून हा धागा. एकच विनंती. बाटलीला रंग देऊन फुलदाणी, सीडीचा मोर, असलं नको. मी मुलीच्या शाळेसाठी ते सगळं केलंय. दोन वर्षांत त्यावर धूळ बसते आणि रंग लावल्यामुळे भंगारवालाही घेत नाही. मला अशी कामं हवी आहेत जी रोजच्या रोज घरात लागतात. तुमच्या घरात खरोखर काय चालतं ते लिहा.

---

अनघा_गिरगाव | शनिवार, रात्री १०:०२

सुईदोरा ताई, गोधडीचं वाचून आजीची आठवण झाली. तिच्या गोधडीत माझ्या बाळपणीच्या झबल्याचा तुकडा होता.

पण थोडं वेगळं सांगते. आम्ही चाळीत दहा बाय पंधराच्या खोलीत पाच माणसं वाढलो. 'कधीतरी लागेल' हे वाक्य आमच्या घरात चालत नसे, कारण त्या कधीतरीला जागाच नव्हती. आईचा नियम होता : वस्तू ठेवायची असेल तर तिचं काम आजच सांगा. काम सांगता आलं नाही तर रविवारी रद्दीवाल्याकडे. त्यामुळे आमच्याकडे मोजून सहा बरण्या, मोजून दहा पिशव्या. अकरावी आली की एक बाहेर जायची.

हे सांगायचं कारण असं, की वस्तू साठवून ठेवणं आणि ती पुन्हा वापरणं यात माझ्या माहेरी कधी गल्लत झाली नाही, आणि सासरी ती सारखी होते. माळ्यावर श्रीखंडाचे चाळीस डबे आहेत. ते वापरात नाहीत, फक्त कचरापेटीऐवजी माळ्यावर आहेत. तुमच्या ट्रंकांचंही आधी असं दोन भागांत वाटप करून बघा.

आमच्याकडची चालणारी कामं : धोतराचं मऊ फडकं पोळ्यांच्या डब्यात, चक्का बांधायला दुसरं, पुरणपोळ्या पसरायला तिसरं. तिन्ही वेगवेगळी. चक्क्याच्या फडक्याला साबण लावायचा नाही, नुसतं गरम पाणी. साबणाचा वास श्रीखंडाला लागतो.

---

दर्यावर्दी | शनिवार, रात्री ११:३५

मालवणातून लिहितोय. आमच्याकडे नारळ रोज फुटतो, त्यामुळे करवंटी हाच खरा प्रश्न. बऱ्याच घरांत ती पाणी तापवायच्या चुलीत जाते आणि छान जळते. पण माझे आजोबा तिची डवली (लांब दांड्याचा डाव) करायचे, आणि मी ती त्यांच्याकडून शिकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

नारळ जून हवा. कोवळ्या नारळाची करवंटी पातळ असते, वाळली की तडकते. फोडताना बरोबर मधोमध फुटलेला निवडायचा आणि तीन डोळे असलेली बाजू सोडून दुसरी घ्यायची. डोळ्यांच्या बाजूला एक डोळा नरम असतो, तिथून रस्सा गळतो. बाहेरचे केस आधी कोयतीने, मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडायचे. आता पॉलिश पेपर मिळतो, पण काचेने जी गुळगुळीत तकाकी येते ती त्याने येत नाही, हे माझं ठाम मत आहे. मग काठाच्या थोडं खाली समोरासमोर दोन भोकं. खिळा चुलीत लाल करून टेकवला की करवंटी न तडकता भोक पडतं. त्यातून वाळलेल्या बांबूची काठी आरपार घालायची, एक टोक बाहेर अर्धा इंच ठेवायचं. काठी घट्ट बसायला हवी, खिळा मारायचा नाही. शेवटी मिठाच्या पाण्यात उकळून, वाळवून आतबाहेर खोबरेल.

ही डवली पेज वाढायला, आमटी ढवळायला वर्षानुवर्षं टिकते. हँडल तापत नाही, आणि नॉनस्टिकच्या भांड्यालाही ओरखडा येत नाही. आमच्या घरातली एक माझ्या मुलीच्या जन्माच्या आधीची आहे. मुलगी यंदा बारावीला आहे.

सोडणं (नारळाची शेंडी) भांडी घासायला वापरतो हे सांगायला नको. मातीच्या भांड्याला तारेची घासणी चालत नाही, तिथे सोडणासारखं काही नाही.

---

सुईदोरा | रविवार, सकाळी ७:४८

अनघा, 'काम आजच सांगा' हे वाक्य मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बाई शहाणी आहे. आज चहा झाल्यावर बरण्यांची ट्रंक उघडतेय.

दर्यावर्दी, डवलीचं इतकं नीट कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. धन्यवाद. दुधाच्या पिशव्यांबद्दल कुणी लिहील का? तिसऱ्या ट्रंकेत धुऊन वाळवलेल्या दोनशे तरी निघाल्या.

---

ओला_सुका | रविवार, सकाळी ९:२०

दुधाच्या पिशव्यांबद्दल लिहिते, कारण मी आठवड्यातून दोन दिवस आमच्या भागातल्या वर्गीकरण शेडवर काम करते. तिथे कचरावेचक ताईंच्या शेजारी बसून जे शिकले ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुण्यात या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. शहराचा सुका कचरा कोणाच्या हातांनी निवडला जातो हे तेव्हापासून लोकांना दिसायला लागलं.

पहिली गोष्ट : पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. आपण सगळेच कात्रीने तो छोटा त्रिकोण उडवतो. अर्धा लिटरच्या दोन पिशव्या रोज, म्हणजे एका घरातून वर्षाला ७३० त्रिकोण. पिशवी गोळा होते, पुन्हा वितळवली जाते, पण तो नखाएवढा तुकडा कुणाच्या हातात सापडत नाही. तो गटारात आणि मातीत जातो. चीर द्या, पण तुकडा पिशवीला लटकत राहू द्या. सवय व्हायला चार दिवस लागतात.

दुसरी : पिशवीत घोटभर पाणी घालून हलवा आणि ते कणीक मळायला किंवा झाडाला घाला. मग पिशवी उलटी टांगा. दुधाची ओली पिशवी डब्यात गेली की दुसऱ्या दिवशी त्याचा जो वास सुटतो तो आमच्या ताईंना सहा-सात तास सोसावा लागतो.

घरातला उपयोग : दोन कडा कापल्या की एक चांगला जाड चौकोन मिळतो. थालीपीठ, पुऱ्या, साबुदाण्याचे वडे थापायला, मोदकाची पारी दाबायला. पदार्थ आतल्या बाजूवर थापायचा, छापील बाजू खाली. चरे पडले की तो चौकोन सुक्या कचऱ्यात. पण ताई, दोनशे पिशव्यांना घरात काम नाही. चार ठेवा आणि बाकी भंगारवाल्याला द्या. स्वच्छ, कोरड्या पिशव्या तो किलोवर घेतो. २०१८ साली राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची अट घातली होती. माझ्या दुकानदाराने मला आजवर एकही ५० पैसे दिलेले नाहीत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो परतावा खरंच मिळाला असता तर शेडवर येणाऱ्या पिशव्यांची दशा वेगळी असती.

---

हिरवाई | रविवार, सकाळी ११:०५

फळांच्या सालींचं बायोएन्झाइम कसं विसरलात? मोसंबी-संत्र्याच्या साली, लिंबाची सालं, सगळं घालते. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, आणि काचेची बरणी वापरायची नाही, ती फुटू शकते. फरशी, बेसिन, बाथरूम, ओटा, सगळं यानेच पुसते. चार वर्षांत बाजारातलं फ्लोअर क्लीनर आणलेलं नाही.

---

प्रयोगवही | रविवार, दुपारी १२:३०

हिरवाई ताई, प्रमाण अगदी बरोबर आहे आणि चार वर्षं सातत्याने करताय याचं कौतुक आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून एक काळजी लिहितो. तीन महिन्यांनी तयार होणारं द्रावण आम्लधर्मी असतं, साधारण व्हिनेगरच्या जातीचं. ग्लेझ्ड टाइल्स, ग्रॅनाइट, स्टीलचं बेसिन यांना काही होत नाही. पण शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने ते हळूहळू खाल्ले जातात. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड राहिली की सकाळी पांढरा डाग दिसतो ना, तो डाग वर बसलेला नसतो, दगडच झिजलेला असतो. जुन्या घरांत शहाबादीच असते, तेव्हा सुईदोरा ताई, साताऱ्याच्या घरात हे वापरू नका. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेल्या कुठल्याही क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

लिंबाच्या पिळलेल्या फोडीचं माझं आवडतं काम वेगळंच आहे. कुकरमध्ये बटाटे किंवा अंडी उकडताना तळाच्या पाण्यात ती टाका. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. कोळ काढल्यावर उरलेला चिंचेचा चोथा आणि चिमूटभर मीठ तांब्याच्या लोट्याला चोळा. तांब्यावरचा काळा थर आम्लात विरघळतो, म्हणून तो मिनिटभरात लखलखतो. देवांची तांब्याची भांडी आमच्याकडे दुसऱ्या कशाने घासलीच जात नाहीत.

---

हिरवाई | रविवार, दुपारी १२:५१

मास्तर, आमचा ओटा कडप्प्याचाच आहे आणि गॅसजवळ चमक गेली आहे. मला वाटायचं उष्णतेने गेली. आजपासून ओट्यावर बंद. मनापासून आभार.

---

वऱ्हाडकर | रविवार, दुपारी ३:१५

अकोल्याहून. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो, त्यामुळे आमच्या पुनर्वापराचा अर्धा कारभार उन्हाळ्याभोवती फिरतो. धान्याचं तागाचं पोतं, म्हणजे बारदाना, आमच्याकडे कोणी फेकत नाही भाऊ. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पोती गुंडाळतो आणि सकाळी-दुपारी ओली करतो. नाहीतर दुपारी नळाला हात लावता येत नाही. माठाभोवतीही ओलं पोतं. नायलॉनचं पोतं मात्र याला चालत नाही, ते पाणी धरून ठेवत नाही, आणि उन्हात त्याचे बारीक तुकडे पडतात ते वेगळंच.

जुन्या सुती साड्या वाळवणाला. कुरड्या, पापड, सरगुंडे, सगळं गच्चीवर साडी अंथरून. कुरडईला साडी ओली करून पिळून पसरावी, म्हणजे वाळल्यावर कुरडई अलगद सुटते. सिंथेटिक साडीवर सुटते लवकर, पण वाऱ्याने साडीच उडते, चारी बाजूला विटा ठेवाव्या लागतात.

तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा : वरचा पत्रा कापून, कड आत वळवून तूरडाळ ठेवायला. तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला. आमच्या घरी असे चार डबे आहेत. गंजला की तळाला भोकं पाडून त्यात पुदिना.

---

राईनकाठ | रविवार, संध्याकाळी ६:४०

जर्मनीतून, कोलोनजवळून. ओला_सुका यांचं ५० पैशांचं वाचून राहवलं नाही. इथे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतात, पुन्हा भरता येणाऱ्या बिअरच्या काचेच्या बाटलीवर साधारण ८ सेंट. सुपरमार्केटच्या दाराशी मशीन असतं, बाटली आत ढकलली की पावती येते आणि ती बिलातून वजा होते. मुलांना तो खाऊचा पैसा असतो. रस्त्यावर बाटली पडलेली दिसली तर कुणीतरी उचलतंच, कारण ती २५ सेंटची आहे.

पण जॅमच्या, काकडीच्या बरण्यांवर अनामत नाही, म्हणून त्या घरात साठतात. माझं लोणचं, मेतकूट, गोडा मसाला सगळं त्यांत. त्यांच्या पत्र्याच्या झाकणांना आतून रबरासारखा थर असतो आणि त्यात व्हिनेगरचा वास मुरतो. मी झाकणं वेगळी करून उन्हात ठेवते. उन्हाळ्यात दोन दिवसांत वास जातो, हिवाळ्यात ऊनच नसतं, तेव्हा वाळवलेला चहाचा चोथा बरणीत भरून आठवडाभर बंद ठेवते. लोणच्याला मात्र पत्र्याचं झाकण थेट लावू नका, मिठाने आणि आंबटाने ते गंजतं. तोंडावर धुतलेल्या मलमलीचा तुकडा बांधून वर झाकण.

---

मातीचे_हात | रविवार, रात्री ८:२२

बागेचं कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून.

चहाचा चोथा धुऊन मगच कुंडीत घाला. साखर राहिली तर मुंग्या येतात, आणि दूध राहिलं तर बुरशी. जाड थर देऊ नका, मातीत मिसळा. तांदूळ धुतलेलं पाणी त्याच दिवशी घाला, शिळं आंबून वास मारतं. कढीलिंबाला आंबट ताक पाण्यात पातळ करून, पंधरा दिवसांतून एकदा. आमच्या झाडाची पानं यानेच रुंद झाली असं माझी आई ठामपणे सांगते.

माठाबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. नवा माठ झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरलं की ते झिरपत राहतं आणि मुळांना ओल मिळते. ही पद्धत उत्तम. पण लोक यासाठी पाणी गार न करणारा जुना माठ घेतात. माठ गार का करत नाही? पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. जे छिद्र पाणी बाहेर सोडून गार करत नाही, ते मातीत तरी कसं सोडेल? तो माठ खतासाठी वापरा. बाजूला चार भोकं पाडा, तळाला सोडणाचे तुकडे, वर ओल्या कचऱ्याचा आणि सुक्या पानांचा एकाआड एक थर. फुटला असेल तर खापरं कुंडीच्या भोकावर ठेवा, घुमटाची बाजू वर. पाणी जातं, माती राहते. ताईंच्या ट्रंकेत खापरं आहेत म्हणजे आईंना हे माहीत असणार.

दुधाच्या पिशव्या रोपांना छान. तळाला तीन भोकं, अर्ध्यापर्यंत माती, टोमॅटो-मिरची-वांग्याची रोपं. रोप मोठं झालं की पिशवी फाडून न फेकता उलटी करून रोप काढा. धुऊन तीन हंगाम वापरता येते.

सलाइनच्या नळ्या-बाटल्यांचं ठिबक करतात त्यांना हात जोडून विनंती : करू नका. तो दवाखान्याचा कचरा आहे, तो त्याच वाटेने गेला पाहिजे. ठिबक हवं असेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून त्यात सुती कापडाची वात घाला, काम होतं.

---

जुनीपेठ | रविवार, रात्री ९:३०

सगळेजण घरात काय वापरता येईल ते लिहिताहेत, मी घराबाहेर जाणाऱ्या कपड्यांबद्दल लिहितो. माझ्या लहानपणी दुपारी 'भांडीऽऽ' अशी हाक यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची नवी भांडी, पाठीवर कपड्यांचं गाठोडं. बोहारीण दारात बसायची आणि आईची आणि तिची घासाघीस तासभर चालायची. "ह्यावर पातेलं नाही बसत ताई, अजून दोन पँटी टाका." ती शर्ट उलटा करून कॉलर बघायची, पँट उन्हाकडे धरून विरली आहे का बघायची. कापडाची तिची पारख दुकानदाराहून पक्की होती. आम्ही टाकलेले कपडे या बायका निवडतात, धुतात, बटणं लावतात, उसवलेलं शिवतात आणि जुन्या बाजारात विकायला बसतात. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो तिथे जाऊन बघा.

आज आमच्या सोसायटीत तिला गेटवरच अडवतात. मग तेच कपडे काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात जातात. मी सोसायटीच्या बैठकीत दोनदा बोललो आणि आता महिन्यातल्या एका शनिवारी तिला आत यायची परवानगी मिळाली आहे. वहीत नाव लिहून. हे करायला मला सात महिने लागले. तुमच्या इमारतीत विचारून बघा. सुती कपडा घरात कामी येतोच, पण चांगल्या स्थितीतली पँट कापून पिशवी शिवण्यापेक्षा ती पँट म्हणून कुणाच्या तरी अंगावर जावी, असं मला वाटतं.

---

अनघा_गिरगाव | रविवार, रात्री ९:४४

जुनीपेठ, प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आजच माळ्यावरचे कपडे बाजूला काढते.

---

बालवाडी_ताई | सोमवार, सकाळी ६:५५

आकाशकंदिलाचा सांगाडा टाकू नका हं ताई! तो कामट्यांचा असेल तर त्यावर अजून दहा दिवाळ्या निघतील. आमच्या घरी वडिलांनी केलेला षट्कोनी सांगाडा अजून आहे. दरवर्षी दसऱ्यानंतर जुना कागद भिजवून सोलायचा, दोऱ्याच्या गाठी तपासायच्या, सैल झालेली कामटी पुन्हा बांधायची आणि नवा कागद. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती ती खळ देऊ नका. माझ्या वर्गात मी साध्या मैद्याच्या खळीने करते. कागद ताणून न लावता किंचित सैल लावायचा, वाळला की तो आपोआप ताठ होतो. ताणून लावला तर वाळताना फाटतो.

शेपट्यांना मी जुन्या लग्नपत्रिकांच्या आतला पातळ सोनेरी कागद वापरते. छत्रीचं कापडही फेकू नका. काड्या काढून टाकल्या की आठ पाकळ्यांचा तुकडा उरतो, तो मुलांच्या ओल्या कपड्यांच्या पिशवीला उत्तम. पाणी बाहेर येत नाही. काड्या मातीचे_हात यांच्या टोमॅटोला.

आणि कुणी वडापाव, भजी वर्तमानपत्रात बांधून देत असेल तर कृपया आपला डबा पुढे करा. छपाईची शाई पोटात जाते. वर्तमानपत्रात अन्न बांधायला २०१८ च्या नियमांनुसार बंदीच आहे. रद्दीचा तेवढा एक पुनर्वापर नको.

---

सुईदोरा | गुरुवार, रात्री १०:१५

उशिरा येतेय, पण रिकाम्या हाताने नाही. दोन ट्रंका रिकाम्या झाल्या.

बरण्यांतल्या सात ठेवल्या, प्रत्येकीला काम सांगून. बाकीच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नेल्या, त्या मुरांबे करून विकतात. दुधाच्या पिशव्यांतल्या सहा स्वयंपाकघरात, वीस मिरचीच्या रोपांना, उरलेल्या भंगारवाल्याने वजन करून नेल्या. कोपरा न तोडण्याचं मुलीने मनावर घेतलंय, ती सकाळी कात्री माझ्या हातातून काढून घेते. खापरांचं मातीचे_हात यांनी ओळखलं ते बरोबर होतं. आई म्हणाल्या, "आणखी कशाला ठेवतात खापरं?" कंदिलाचा सांगाडा कपाटावर आहे, दसऱ्याची वाट बघत. एक कामटी मोडली होती, ती छत्रीच्या काडीने बांधून घेतली.

सिंथेटिक साड्यांचं मात्र अडलं होतं. गोधडीत त्या चालत नाहीत, थर एकमेकांवर घसरतात, आणि पुसायला घेतलं तर पाणी नुसतं इकडून तिकडे जातं. शेवटी एकीच्या पट्ट्या फाडून तिपेडी वेणी घातली आणि वाळत घालायची दोरी केली. ओली गोधडी पेलते की नाही ते गोधडी पूर्ण झाल्यावर कळेल. बाकीच्या चांगल्या होत्या, त्या जुनीपेठ यांचं वाचून बोहारणीसाठी ठेवल्या आहेत. आमच्या वॉचमनदादांना विचारलं, ते म्हणाले मंगळवारी एक येते पण गेटवरूनच परत जाते. सेक्रेटरींना चिठ्ठी दिली आहे.

गोधडी मधापासून चार बोटांवर आली आहे. काल आईंच्या मांडीवर पसरली. त्यांनी डोळे मिटले आणि कडेपासून एकेक ओळ बोटाने तपासत गेल्या, कुठेही न थांबता. दुसऱ्या फेरीत उजव्या कोपऱ्याशी बोट थांबलं. "इथे टाका लांब पडलाय. झोपेत पोरीच्या पायाचं बोट अडकेल त्यात." मी चष्मा लावून पाहिलं. तिथे तीन टाके होते, प्रत्येक जवळजवळ बोटाच्या पेराएवढा. त्या दिवशी लाइट गेले होते आणि मी अंदाजाने घातले होते.

आज तेवढी ओळ उसवायला घेतली आहे.